पाणी घ्या, मास्तर

दिल्लीला बादशहाचा दरबार भरायचा होता, त्या साली बेळगावात प्लेगाचे उंदीर पडायला लागले. दरबाराच्या दिवशी शाळेतल्या पोरांना मिठाई वाटायची, असा हुकूम आधी आला आणि शाळा बंद करायचा हुकूम मागनं आला. चिंतोपंत लिमये तिथल्या एका हायस्कुलाचे हेडमास्तर. त्यांनी दोन्ही कागद एकाच खिळ्याला अडकवले आणि शाळेला कुलूप घातलं.

शहरातली पोरं आपापल्या आईबापांबरोबर माळावरच्या झोपड्यांत राहायला गेली. प्रश्न उरला तो बोर्डिंगातल्या पोरांचा. ती खेड्यापाड्यांतली होती, कुणी खानापूरच्या रानातलं, कुणी निपाणीकडच्या तंबाखूच्या गावांतलं. घरी धाडावं तर नाक्यावरचे शिपाई शहरातल्या माणसाला पलीकडं जाऊ देत नव्हते आणि खेड्यातल्या बापाला आत येऊ देत नव्हते. शेवटी चिंतोपंतांनी वडगावच्या पलीकडं माळावर तट्ट्यांच्या खोपी उभ्या केल्या, पोरांना तिथं हलवलं, स्वतः दंडात टोचून घेतलं आणि कलेक्टर कचेरीत खेटे घालून येण्याजाण्याचा पास मिळवला.

पोरं दाखल करून घेताना त्यांनी एकेका बापाला सांगितलं होतं की, तुमच्या मुलाची खबर दर महिन्याला घरी पोचेल. असं हेडमास्तर लोक म्हणतच असतात आणि बाप ते वेशीबाहेर पडायच्या आत विसरतात. चिंतोपंतांना मात्र बोललेलं करण्याची वाईट खोड होती. माणूस हट्टी, थोडा तऱ्हेवाईक, हसताना कुणाला दिसायचा नाही. त्यांनी बसून कार्डं लिहिली. निम्मी कार्डं परत आली, कारण गावंच्या गावं उठून रानात गेलेली, पोस्टमननं कुणाला कुठं हुडकायचं? उरलेली ज्यांना मिळाली, त्यांच्याकडं वाचणारं कुणी नव्हतं. वाचून दाखवणारा कुलकर्णी कधीच पाहुण्यांच्या गावाला पळाला होता. शाळेचा शिपाई शामू याला पाठवावं म्हटलं, तर तो हात जोडून म्हणाला, "साहेब, काय बी काम सांगा, पर ह्यो माळ सोडून जा म्हनू नका." त्याच्या घरातली दोन माणसं गेली होती. चिंतोपंतांनी त्याला पुन्हा विचारलं नाही. एका सकाळी त्यांनी धोतर वर खोचलं, पागोटं बांधलं, छत्री घेतली आणि स्वतःच निघाले.

त्यांची खोप पोरांच्या खोपींपासून जरा लांब, ब्राह्मणांच्या आळीत होती. होय, माळावरसुद्धा आळ्या पडल्या होत्या. प्लेगाला त्यांचं काही नव्हतं, पण माणसांना होतं. त्या खोपीत चिंतोपंत आणि त्यांची थोरली बहीण उमाआक्का राहत. चिंतोपंतांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली. आक्का त्याच्याही आधीपासून विधवा. दोघांनी मिळून एक घर धरून ठेवलं होतं. संध्याकाळी ते जेवायला बसले की आक्का समोर बसायची आणि ते शाळेत काय काय झालं ते सांगायचे. कुणी पाढे चुकला, कुणाच्या बापानं सहीऐवजी नांगर काढला. या जगात चिंतोपंतांचं बोलणं मन लावून ऐकणारं तेवढं एकच माणूस होतं.

निघताना आक्कानं पोह्याची पुरचुंडी बांधून दिली, फिरकीचा तांब्या पाण्यानं भरून दिला आणि म्हणाली, "चिंतू, वाटेत कुणाकडचं पाणी घेऊ नकोस हो." ती दर वेळी असंच म्हणायची आणि ते दर वेळी हं म्हणायचे.

कणकुंबी लांबचं गाव, थेट गोव्याच्या सरहद्दीला टेकलेलं. जांबोटीपर्यंत त्यांना गाडी मिळाली, पुढं पायी जावं लागलं. त्या गावातला केदारी त्यांच्या बोर्डिंगात होता. इंग्रजी शिकायला बेळगावला आलेला तो त्या गावचा पहिलाच मुलगा. गाव रिकामं पडलं होतं, माणसं रानात खोपी घालून राहिली होती. केदारीचा बाप भरमू गोव्याकडं गाड्या हाकायचा, तो गाड्या घेऊन गेलेला. खोपीत केदारीची आई रुक्माबाई एकटी होती.

पागोटेवाला माणूस चालत येताना दिसला तशी ती बाहेर आली. "कोन गाव? बसा वाईच, पानी घ्या," म्हणत तिनं तांब्या पुढं केला.

चिंतोपंतांनी हात हलवला. "नको बाई. मी बेळगावचा हेडमास्तर. तुमच्या केदारीची..."

रुक्माबाईच्या हातून तांब्या सुटला, ती मटकन खाली बसली आणि तिनं असा गळा काढला की आजूबाजूच्या खोपींतून बायका धावत आल्या.

ब्राह्मण आपल्या घरचं पाणी पीत नाही, हे रुक्माबाईला ठाऊक नव्हतं असं नाही. कुलकर्णी दारात आला तर ती त्याच्या हातावर शहाळं ठेवायची. पण ते वर्ष निराळं होतं. मरणाचा सांगावा घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणी घेत नाही, तो बसत नाही, आत येत नाही. आणि तोंडानं खरं तर तो मुळीच सांगत नाही. "जरा बरं न्हाय, निघा लवकर," एवढंच म्हणतो. त्यामुळं त्याच्या बोलण्याकडं कुणी लक्षच देत नाही. बायका पाणी पुढं करतात आणि त्याच्या हाताकडं बघतात. रुक्माबाईच्या भावाचा सांगावा गेल्याच महिन्यात आला होता. त्या माणसानंही असाच हात हलवला होता.

"अहो, खुशाल आहे तुमचा मुलगा," चिंतोपंत सांगत राहिले. "परवा मी त्याला जेवताना बघितलं. चांगला धडधाकट आहे."

"माझ्या भावाचं बी आसंच म्हनाले," रुक्माबाई रडत म्हणाली. "वाईच ताप हाय म्हनाले. आनि पानी न्हाय घेतलं."

"त्यानं तुमच्या तांबड्या गाईची चौकशी केली आहे. व्यायली का म्हणून विचारतो."

"आदी कवा तरी बोलला आसंल."

चिंतोपंतांनी उभा जन्म बोलून पोट भरलं होतं. व्याकरण बोलून, हिशेब बोलून, पोरांना आणि पोरांच्या बापांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून. आणि आज खरं बोलत असताना एकही शब्द उपयोगी पडत नव्हता. तेवढ्यात शेजारच्या खोपीतली म्हातारी बाळाबाई पुढं आली. तिनं पडलेला तांब्या उचलला, आत जाऊन पुन्हा भरून आणला आणि त्यांच्यासमोर धरला.

"मास्तर," ती म्हणाली, "पोरगं जित्तं आसंल तर पानी घ्या. नसंल तर वाटंला लागा. उगं बोलू नका."

चिंतोपंतांना आक्का आठवली. तिची पुरचुंडी काखेत होती, तिनं भरून दिलेला तांब्या खांद्याला लटकत होता. समोर एक बाई जिवंत पोरासाठी छाती बडवून घेत होती. त्यांनी म्हातारीच्या हातातून तांब्या घेतला, वर धरला आणि प्याले. घोट गळ्याखाली उतरत होता तेव्हा तिथल्या सगळ्या बायका त्यांच्या गळ्याकडं बघत होत्या.

रुक्माबाईचं रडं थांबलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, आत गेली आणि कोकमाची सोलं कुस्करून, गूळ घालून पाणी घेऊन आली. "नुसतं पानी दिलं तुमाला, लांबनं आलासा," असं म्हणाली आणि त्यांना बसवून घेऊन विचारत सुटली. पोरगं काय खातं, अंथरायला काय हाय, उजव्या पायाचं कुरूप बरं झालं का. चिंतोपंतांना त्या कुरपाचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पुढच्या खेपेला सांगतो म्हणून कबूल केलं.

मग ते गावोगाव फिरले, आणि त्यांच्या आधी गाडीवाल्यांच्या तोंडून ही गोष्ट फिरली. पोरगं बरं असेल तर हेडमास्तर पाणी घेतो. झालं. कुठल्याही गावात ते लांबून दिसायचा अवकाश, पोराची आई तांब्या घेऊन खोपीबाहेर उभी. कुणी ताक द्यायची, कुणी गुळाचा खडा आणि पाणी, कोगनोळीच्या एका बाईनं तर आधी कांदा चेचून हातावर ठेवला, कारण ऊन फार होतं. पोट डबडबलं तरी नको म्हणायची सोय नव्हती. पोरानं पाठवलेला निरोप, अभ्यास, शाळा कधी उघडणार, असलं सगळं ते तोंडपाठ करून जायचे, पण ते ऐकायला फारसं कुणी थांबायचं नाही. पाणी गळ्याखाली उतरलं की खबर पोचली. बाई हसायची, कुणाला तरी हाक मारून सांगायची आणि कामाला लागायची. चिंतोपंत पुढच्या गावाला निघायचे.

फक्त रुक्माबाई त्यांना बसवून घ्यायची.

माळावर परत आले की केदारी खोपीच्या दारात वाट बघत उभा असायचा. बाकीची पोरं आई काय म्हणाली ते विचारायची. हा एकच गोष्ट विचारायचा. "सर, आईनं काय दिलं प्यायला?"

"कोकमाचं पाणी."

"गूळ घातलता?"

"घातला होता. जास्तच होता."

"मग बरी हाय आई," असं म्हणून केदारी आत जायचा. चिंतोपंतांनी त्याचा उजवा पाय बघून ठेवला. कुरूप बरं झालं होतं.

हे असं किती दिवस झाकून राहणार? गाडीवाले जसे खेड्यात बोलत तसे शहरातही बोलत. एक दिवस शेजारच्या खोपीतले वकील आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "पंत, झालं ते झालं. पंचगव्य घ्या, पुन्हा करणार नाही म्हणा, म्हणजे मिटलं."

"पंचगव्य घेतो," चिंतोपंत म्हणाले. "पण पुढच्या महिन्यात पुन्हा पिणार आहे."

"मग ते पंचगव्य तरी फुकट कशाला घालवता?" असं म्हणून वकील गेले ते पुन्हा आले नाहीत. आळीतल्या सत्यनारायणाला चिंतोपंतांना बोलावणं आलं नाही, मग आक्काला पोथी ऐकायला बोलावणं येईना. आक्कानं त्यांचं पान खोपीच्या बाहेर मांडायला सुरुवात केली. ती वरून वाढायची, आणि समोर बसायची नाही. शाळा तर बंदच होती, पण चालू असती तरी काय झालं ते सांगायला समोर कुणी नव्हतं.

एका दुपारी तिनं आपली भांडी पिशवीत भरली.

"चिंतू, तू पाणी प्यालास याचं मला वाईट वाटत नाही," ती म्हणाली. "त्या बाईच्या जागी मी असते तर मीही तुझ्या गळ्याकडंच बघितलं असतं. पण तू महिन्यातला निम्मा काळ वाटेवर. मी विधवा बाई, या आळीतल्या चार बायकांनी दार लावलं तर मी बोलू कुणाशी? सांगलीला चुलत भावाकडं जाते."

थांब म्हटलं असतं तर ती थांबली असती. चिंतोपंतांना हे पक्कं ठाऊक होतं. पण थांब म्हटलं असतं तर तिनं एकच अट घातली असती, आणि तीही त्यांना ठाऊक होती. ते तिला पोचवायला स्टेशनावर गेले. तिथं प्लेगाच्या डॉक्टरनं तिची नाडी बघितली, काखा चाचपल्या, तिनं डोळे मिटून घेतले. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "भात खाली लागू देऊ नकोस." त्या दिवशी चिंतोपंतांनी भात केला आणि तो खाली लागला. त्यांना फार एकटं वाटलं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं आणि सांगायला कुणी नव्हतंही.

त्यानंतर कणकुंबीची वाट त्यांना जवळची वाटायला लागली. रुक्माबाई विचारायची, ते सांगायचे. एकदा ती म्हणाली, "मास्तर, तुमी वाळलासा. घरात कोन करून घालतं?" त्यांनी "बहीण आहे" म्हणून सांगितलं. सांगलीचं तिला सांगितलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं. निघताना तिनं सोलांची पुडी बांधून दिली. "केदारीला द्या. आनि तुमी बी घ्या," म्हणाली.

ती पुडी घेऊन ते माळावर परत आले, तेव्हा केदारी दारात नव्हता. शामू सामोरा आला आणि खाली बघून म्हणाला, "साहेब, काखंत गाठ आलीया." पोराला लांब, एकट्या खोपीत ठेवलं होतं. आत जायला डॉक्टरची मनाई होती. चिंतोपंत तट्ट्याबाहेर बसले.

"सर आलासा?" आतून बारीक आवाज आला. "आईनं काय दिलं?"

"कोकमाचं पाणी."

"गूळ?"

"भरपूर होता. पुडी दिली आहे तुझ्यासाठी."

"बरी हाय मग," केदारी म्हणाला. त्यानंतर त्याला वात झाला, त्यात तो गाडीच्या बैलांना हाका मारत होता. दुसऱ्या दिवशी तो गेला. सरकारी माणसांनी रीतीप्रमाणं लगेच उचलला. अग्नी द्यायला बाप नव्हता, तो हेडमास्तरांनी दिला.

"साहेब, गाडीवाल्याकडनं सांगावा धाडू या," शामू म्हणाला. "तुमी नका जाऊ."

"खबर पोचवायचं मी कबूल केलं होतं, शामू," चिंतोपंत म्हणाले. "बरं असेल तरच पोचवीन, असं म्हटलं नव्हतं."

जांबोटीच्या पुढं रान लागलं आणि त्यांच्या मनात नको ते यायला लागलं. पाणी प्यावं आणि परत यावं. एवढं सोपं होतं. ती पुरता महिनाभर सुखात राहील, कुरपाचं विचारील, पुडी बांधून देईल. आणि मलाही, असं त्यांच्या मनात आलं, मलाही बसायला सांगील. शाळा उघडेपर्यंत असंच चालवता येईल. एकदा त्यांना वाटलं, यात पाप काय? मग त्यांच्या लक्षात आलं की ती रात्री निर्धास्त निजते, ती केवळ आपण तिथं प्यालेल्या त्या घोटांवर. एकदा खोटं प्यालं, तर मग आजवर जिथं जिथं खरं प्याले तेही सगळं खोटं होईल. ते झपाझप चालायला लागले. तांब्यातलं पाणी निम्म्या वाटेत संपलं. वाटेतल्या ओहोळाला त्यांनी हात लावला नाही, का ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. खोपी दिसल्या तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती.

रुक्माबाई तांब्या घेऊन उभीच होती. लांबून हसली. या खेपेला ते लवकर आले होते, तेवढ्यानंच ती खूष होती.

"आजच आलासा मास्तर? या, या. पानी घ्या."

ते अंगणाच्या कडेला थांबले. पागोटं काढून हातात घेतलं. दोन्ही हात त्या पागोट्यात गुंतवून ठेवले.

रुक्माबाईचं हसू तोंडावरच राहिलं. ती पुढं आली. "घ्या की," ती म्हणाली. "वाटंला ऊन हुतं."

चिंतोपंत उभे राहिले.

"सोलं संपल्यात म्हनून नुसतं पानी हाय. सांच्याला करते की. घ्या."

त्यांनी मान खाली घातली. तिनं तांब्या त्यांच्या छातीला लावला. पाणी हिंदकळून त्यांच्या उपरण्यावर सांडलं. "आदी पानी घ्या मास्तर, मग काय ते बोला," ती म्हणत होती. "एक घोट घ्या. निस्ता तोंडाला लावा. मी काय म्हनत न्हाय, निस्ता लावा." तिचा आवाज अगदी हळू झाला होता, एखाद्या हट्टी पोराला औषध पाजताना होतो तसा. बाळाबाई आपल्या खोपीच्या दारात येऊन उभी राहिली होती. ती पुढं आली नाही.

चिंतोपंतांना तहान लागली होती. आयुष्यात कधी लागली नव्हती एवढी लागली होती. त्यांनी पागोट्यातून हात काढला नाही.

मग रुक्माबाईनं तांब्या मागं घेतला, हळूच तिरपा केला आणि सगळं पाणी आपल्या पायाशी ओतून टाकलं. रिकामा तांब्या पालथा घातला आणि त्याच्या शेजारी बसली. रडली नाही.

"इचारलं काय त्यानं?" तिनं विचारलं. "मी काय दिलं म्हनून?"

"विचारलं."

"सांगितलासा?"

"सांगितलं. गूळ भरपूर होता म्हटलं. बरी आहे मग, असं म्हणाला."

तिनं मान हलवली. चिंतोपंत वळले. सांगावा देणाऱ्यानं थांबायचं नसतं, आणि तिथं त्यांना बसा म्हणणारं आता कुणी नव्हतं. ते चार पावलं गेले असतील, तोच मागून तिचा आवाज आला.

"मास्तर, खाली व्हाळ हाय. तितं प्या पानी. ह्या घरचं आता तुमाला देता येत न्हाय."

ते ओहोळापाशी उतरले आणि बसले. वर खोपीकडं रडणं सुरू झालं, आधी म्हाताऱ्या बाळाबाईचं, मग तिचं. ते ऐकत ते ओंजळीनं प्याले. पोट भरेपर्यंत प्याले, कारण पुढं चालायचं होतं आणि घरी घागर भरून ठेवणारं कुणी नव्हतं.

पुढं जायचं होतं ते रवळूच्या गावाला. रवळू खुशाल होता, गोट्यांवरून भांडण करून डोळा सुजवून बसला होता एवढंच. पण कणकुंबीची बातमी गाडीवाल्यांच्या तोंडून त्यांच्या आधी तिथं पोचली होती. रवळूची आई नागुबाई खोपीच्या बरीच पुढं, पांदीच्या तोंडाशी येऊन उभी होती. तांब्या तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. तिनं पाणी घ्या म्हटलं नाही.

चिंतोपंतांनी लांबूनच हात पुढं केला. जवळ जवळ धावतच ते गेले, तांब्या हातात घेतला आणि वर धरून घटाघटा प्याले. पाणी नाकात गेलं, गळ्यावरून अंगरख्यात गेलं, तरी थांबले नाहीत. तळ लागेपर्यंत प्याले.

नागुबाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हसली, मग मागं वळून ओरडली, "पानी घेतलं वं. घेतलं मास्तरांनी." आणि ती पळत खोपीकडं गेली, तिथल्या माणसांना सांगायला. तिथून हसण्याचे, बोलण्याचे आवाज आले. कुणी तरी चूल पेटवली.

रवळूनं काय निरोप दिला होता तो चिंतोपंतांना तोंडपाठ होता. पण आता तो कुणाला नको होता, खबर पोचली होती. रिकामा तांब्या हातात धरून ते पांदीच्या तोंडाशी उभे राहिले, तो परत न्यायला तरी कुणी येईल म्हणून.